पेशी आणि परिसर : बेन बॅरेस यांचे संशोधन व विज्ञानातील विविधतेचा प्रश्न

प्रायोगिक विज्ञानात एखाद्या वस्तूचा गुणधर्म सांगावयाचा म्हणजे तो गुण त्या वस्तूचा स्वतःचा किती आणि परिसराने तिला दिलेला किती, ह्याचा निवाडा प्रथम करावा लागतो. रसायनशास्त्रात हा निवाडा त्या मानाने सुकर असतो, कारण तेथे पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढता येतो. जीवशास्त्रात तो कठीण, आणि मनुष्यसमाजाच्या बाबतीत तर बहुधा अशक्यप्राय ठरतो. अमेरिकन चेताशास्त्रज्ञ बेन बॅरेस (१९५४–२०१७) ह्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, हाच एक प्रश्न त्यांनी दोन अगदी भिन्न क्षेत्रांत विचारला. उंदरांच्या चेतासंस्थेतील पेशी एकमेकींपासून अलग करून, एकट्या पेशीची शक्ती किती व शेजारणीच्या साहाय्याने आलेली शक्ती किती, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासले. विज्ञानसंस्थांतील उच्च पदांवर स्त्रिया थोड्या का, ह्या प्रश्नाचा विचार करतानाही त्यांनी तीच कसोटी लावली. ह्या दोन्ही अंगांचा संक्षिप्त परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

जीवनक्रम

बॅरेस ह्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९५४ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे झाला. जन्मसमयी त्यांची नोंद मुलगी अशी झाली. परंतु आपण मुलगा आहोत ही जाणीव त्यांना बालपणापासून होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम. आय. टी.) येथून १९७६ साली पदवी, डार्टमथ येथून १९७९ साली वैद्यकाची पदवी आणि त्यानंतर न्यूयॉर्क येथे चेतारोगशास्त्राचे प्रशिक्षण, असा त्यांचा प्रारंभीचा शिक्षणक्रम होता. रुग्णांच्या मेंदूतील विकृत भागाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करीत असता, चेतापेशींभोवतालच्या ग्लिया नामक पेशींत ठळक बदल झालेले त्यांना दिसत. पण त्या पेशींचे मूळ कार्य काय, हे सांगणारा कोणी भेटत नसे. ह्या जिज्ञासेपोटी त्यांनी रुग्णसेवेचा मार्ग सोडून हार्वर्ड विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि १९९० साली चेताजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मार्टिन रॅफ ह्यांच्या हाताखाली काम करून १९९३ साली ते स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

१९९७ साली त्यांनी लिंगांतराचा निर्णय घेतला आणि तो सहकाऱ्यांना पत्राने कळविला. त्यानंतरची वीस वर्षे ते बेन बॅरेस ह्या नावाने वावरले. २००८ साली ते स्टॅनफर्डच्या चेताजीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. २०१३ साली अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेस ह्या संस्थेवर त्यांची निवड झाली. आपण पारलिंगी आहोत हे उघडपणे सांगणारे ते त्या संस्थेचे पहिले सदस्य होत. २७ डिसेंबर २०१७ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र पुढील वर्षी प्रसिद्ध झाले.

ग्लियापेशींचा प्रश्न

मेंदूत संदेशवहन करणाऱ्या चेतापेशी आणि त्यांच्या भोवतालच्या ग्लियापेशी असे दोन मोठे पेशीवर्ग आढळतात. ग्लिया हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ सरस किंवा डिंक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूडॉल्फ फिर्खो ह्यांनी ही संज्ञा रूढ केली, आणि चेतापेशींना एकत्र धरून ठेवणारे निष्क्रिय भरताड, हा तिच्यात दडलेला अर्थ पुढे शंभराहून अधिक वर्षे विद्वानांच्या मनावर राज्य करीत राहिला. अलीकडील मोजणीनुसार मानवी मेंदूत ह्या दोन्ही वर्गांतील पेशींची संख्या साधारणतः सारखीच भरते. म्हणजे मेंदूचा जवळजवळ निम्मा संसार केवळ नावामुळे दुर्लक्षित राहिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

ग्लियांचे मुख्य प्रकार तीन. अॅस्ट्रोसाइट ह्या ताराकृती पेशी चेतापेशींच्या संधिस्थानांना वेढून असतात. ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी चेतातंतूंवर मायेलिनचे आवरण चढवितात. आणि मायक्रोग्लिया ह्या मेंदूतील संरक्षक पेशी होत. त्यांपैकी मायेलिन निर्माण करणाऱ्या पेशींचे काम पूर्वीच ज्ञात होते. परंतु अॅस्ट्रोसाइट नेमके काय करतात, ह्याविषयी अनुमानेच अधिक होती. त्याचे कारणही उघड होते. मेंदूत ह्या साऱ्या पेशी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, कोणते कार्य कोणाचे हे नुसत्या निरीक्षणाने ठरविणे शक्य नसते. ग्लिया काढून टाकल्यास चेतापेशी मरतात. आणि मृत पेशीवरून, जिवंतपणी तिला शेजारणीचा काय उपयोग होता, ह्याचा तपशील मिळत नाही.

कृंतकांची निवड आणि शुद्धीकरणाची पद्धत

ह्या अडचणीवर मात करण्यासाठी बॅरेस ह्यांनी कृंतकांचा आश्रय घेतला. उंदीर, खार, सायाळ हे ज्या गणात मोडतात त्यास कृंतक गण म्हणतात. त्यांतील रॅट जातीचा मोठा उंदीर व माऊस जातीचा लहान उंदीर हे दोन प्राणी प्रयोगशाळेत विशेष प्रचलित आहेत. त्यांची वाढ जलद होते, आणि वंशपरंपरा ज्ञात असलेले प्राणी हवे तेव्हा मिळतात. शिवाय ह्या विशिष्ट प्रश्नासाठी रॅटच्या दृष्टिपटलाची व दृक्‌चेतेची रचना फार सोयीची होती. दृष्टिपटलातील गंडिकापेशींचे तंतू मिळून दृक्‌चेता बनते. म्हणून दृक्‌चेतेत चेतापेशींचे तंतू व ग्लिया एवढेच आढळतात, चेतापेशींची शरीरे मात्र मागे दृष्टिपटलात राहतात. एकाच संस्थेचे दोन भाग निसर्गानेच असे दूर ठेवलेले असल्याने, एक भाग दुसऱ्यावाचून तपासण्याची संधी येथे मिळते.

तथापि दृष्टिपटलातील शंभर पेशींत गंडिकापेशी एकीहूनही कमी भरते. ती निवडून काढण्यासाठी बॅरेस व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशी वेचण्याची पद्धत उपयोगात आणली व तिचे वर्णन १९८८ साली प्रसिद्ध केले. प्रथम दृष्टिपटलातील ऊतक विकराने विलग करून पेशींचे निलंबन तयार करावयाचे. नंतर ते अशा बशीत ओतावयाचे, की जिच्या तळावर नको असलेल्या भक्षकपेशींना पकडणारी प्रतिपिंडे चिकटविलेली आहेत. त्या पेशी तळाशी अडकल्या म्हणजे उरलेले निलंबन दुसऱ्या बशीत घ्यावयाचे. तिच्या तळावर गंडिकापेशींच्या पृष्ठभागावरील थाय–१ ह्या प्रथिनास ओळखणारी प्रतिपिंडे असतात. आता हव्या त्या पेशी तळाला धरून राहतात व इतर धुऊन जातात. शेवटी विकर वापरून त्या अलगद सोडवून घेतल्या म्हणजे जवळजवळ पूर्णतः शुद्ध चेतापेशी हाती येतात.

पण केवळ शुद्धीकरणाने भागत नाही; एकट्या पडलेल्या पेशी काही दिवसांतच मरून जातात. रक्तद्रव न वापरता, ज्यातील प्रत्येक घटक ज्ञात आहे अशा माध्यमात त्यांना जगविण्यासाठी कोणते पोषक संदेश एकत्र द्यावे लागतात, हे बॅरेस ह्यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली दाखवून दिले. पेशी ग्लियांवाचून जिवंत राहू लागली तेव्हाच, जगण्यापलीकडे ग्लिया तिला आणखी काय देतात, हा प्रश्न विचारता येऊ लागला.

चेतासंधींची निर्मिती

एका चेतापेशीचा दुसरीशी जेथे संपर्क होतो त्या स्थानास चेतासंधी म्हणतात. हे संधी जोडणे हा चेतापेशीचा अंगभूत धर्म होय, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाई. शुद्ध गंडिकापेशी एकट्या वाढविल्या असता त्या निरोगी दिसतात, त्यांस फांद्या फुटतात, त्या विद्युत्‌संदेशही निर्माण करतात. परंतु त्यांच्यातील परस्परसंवाद अत्यंत क्षीण असतो. त्याच पेशी ग्लियांच्या सान्निध्यात वाढविल्या की तो संवाद अनेक पटींनी बळावतो, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसून आले. २००१ साली त्याच प्रयोगशाळेने पुढचे पाऊल टाकले : अॅस्ट्रोसाइटांच्या प्रभावाखाली पक्व व कार्यक्षम चेतासंधींची संख्या सातपट होते. २००५ साली ह्या प्रभावामागील एक द्रव्य ओळखले गेले. ते म्हणजे अॅस्ट्रोसाइटांतून स्रवणारी थ्राँबोस्पाँडिन कुळातील प्रथिने.

ह्या शेवटच्या निष्कर्षात एक उद्‌बोधक बारकावा आहे. थ्राँबोस्पाँडिनाने निर्माण झालेले संधी रचनेने सामान्य दिसत, त्यांच्या अलीकडील बाजूने संदेशही निघत असे, परंतु पलीकडील बाजू मूक राही. म्हणजे संधी बांधणे आणि तो बोलता करणे ह्या दोन स्वतंत्र क्रिया असून त्यांसाठी वेगवेगळे संदेश लागतात. दुसऱ्या क्रियेत सहभागी होणारी ग्लिपिकन ४ व ६ ही द्रव्ये २०१२ साली ह्याच प्रयोगशाळेने शोधून काढली. ज्या पेशी निष्क्रिय डिंक म्हणून गणल्या जात, त्या मेंदूच्या जडणघडणीत क्रमाक्रमाने हुकूम देणाऱ्या आहेत, हे अशा रीतीने प्रस्थापित झाले.

छाटणी आणि अपकार

वाढत्या मेंदूत आरंभी गरजेपेक्षा अधिक चेतासंधी तयार होतात व त्यांतील अनेक पुढे छाटले जातात. कोणता संधी छाटावयाचा ह्याची खूण कशी केली जाते, ह्या प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर २००७ साली मिळाले. जंतूंचा नाश करण्यासाठी रक्तात असणाऱ्या पूरक प्रथिनमालिकेतील सी१क्यू हे प्रथिन अपक्व संधींवर आढळले; आणि ज्या लहान उंदरांत हे प्रथिन अथवा त्याच मालिकेतील सी३ हे प्रथिन जन्मतः नव्हते, त्यांच्या दृक्‌मार्गातील छाटणी अपुरी राहिली. शिवाय काचबिंदू जडणाऱ्या उंदरांत, चेतापेशी मरण्यापूर्वीच हीच यंत्रणा पुन्हा जागी झालेली दिसली. बाल्यातील हितकर क्रिया वार्धक्यात अवेळी चालू झाल्यास रोगास कारणीभूत होऊ शकते, हा विचार त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी पुढे नेला.

२०१७ सालच्या जानेवारीत त्यांच्या गटाने असे दाखविले की, दाहाच्या वेळी उद्दीपित झालेल्या मायक्रोग्लियांतून तीन विशिष्ट द्रव्ये स्रवतात व त्यांच्या संयुक्त प्रभावाने काही अॅस्ट्रोसाइट पोषणाचे काम सोडून चेतापेशींना मारक होतात. अशा पेशींची लक्षणे अल्झायमर, पार्किन्सन इत्यादी रोगांनी ग्रस्त माणसांच्या मेंदूतही आढळली. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मारक व उपकारक अशा दोनच कप्प्यांत अॅस्ट्रोसाइटांची विभागणी करणे अपुरे आहे, असे मत अनेक तज्ज्ञांनी २०२१ साली संयुक्तपणे मांडले; रोग, स्थान व काल ह्यांनुसार त्या पेशींच्या अवस्था बऱ्याच असतात. तसेच माणसाचे अॅस्ट्रोसाइट व उंदराचे अॅस्ट्रोसाइट ह्यांच्या जनुकीय व्यापारांत लक्षणीय भेद असल्याचे बॅरेस ह्यांच्याच प्रयोगशाळेने २०१६ साली दाखविले होते. कृंतकांवरून काढलेला निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

२००५–०६ चा वाद

जानेवारी २००५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स समर्स ह्यांनी एका परिषदेत, विज्ञानातील वरिष्ठ पदांवर स्त्रिया कमी असण्याच्या कारणांची चर्चा करताना, अत्युच्च पातळीवरील बुद्धिसामर्थ्याच्या वितरणात स्त्री-पुरुषांत भेद असण्याच्या शक्यतेस पक्षपातापेक्षा अधिक महत्त्व दिले. ह्या विधानावर मोठे वादळ उठले. बॅरेस ह्यांनी जुलै २००६ मध्ये ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात उत्तर दिले. स्त्री म्हणून व पुरुष म्हणून अशा दोन्ही नात्यांनी विज्ञानात काम केलेल्या व्यक्तीचे ते उत्तर असल्याने त्यास असाधारण महत्त्व प्राप्त झाले.

त्यात त्यांनी स्वतःचे काही अनुभव नमूद केले. विद्यार्थिदशेत, बहुतांशी मुलांनी भरलेल्या वर्गात, गणिताचे एक अवघड उदाहरण एकट्या त्यांनाच सुटले. तेव्हा ते एखाद्या मित्राने सोडवून दिले असावे, असा शेरा अध्यापकांनी मारला. पुढे एका मानाच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांचे सहा महत्त्वाचे निबंध असूनही, एकच निबंध असलेल्या पुरुष प्रतिस्पर्ध्याची निवड झाली. लिंगांतरानंतर त्यांचे एक व्याख्यान ऐकून, ह्यांचे काम ह्यांच्या बहिणीच्या कामापेक्षा बरेच सरस आहे, असा अभिप्राय एका प्राध्यापकाने दिला. ती बहीण म्हणजे तेच, हे त्या गृहस्थांस ठाऊक नव्हते.

पुराव्याचे मूल्य

ह्या शेवटच्या प्रसंगास प्रयोगाचे रूप आहे. बुद्धी तीच, शिक्षण तेच, निबंधांची यादीही तीच. बदलले ते केवळ पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडणारे लिंग, आणि त्याबरोबर बदलले मूल्यमापन. तथापि कठोर दृष्टीने पाहिल्यास हा पुरावा एकाच व्यक्तीचा आहे. मध्यंतरी काळ लोटला होता, पद व कीर्ती वाढली होती. तुलनेसाठी दुसरा गट नाही. बॅरेस ह्यांनी आपल्या लेखाचा भार म्हणूनच केवळ स्वानुभवावर न टाकता, इतरांच्या पाहण्यांवर टाकला.

त्यांतील विशेष प्रसिद्ध पाहणी क्रिस्टीन वेनेरास व आग्नेस वोल्ड ह्यांची. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाकडे १९९५ साली शिष्यवृत्तीसाठी आलेल्या ११४ अर्जांची त्यांनी छाननी केली. अर्जदारांत ५२ स्त्रिया व ६२ पुरुष होते. शिष्यवृत्त्या २० होत्या व त्यांपैकी स्त्रियांना मिळाल्या ४. परीक्षकांकडून पुरुषाइतकेच गुण मिळविण्यास स्त्रीचे प्रकाशित कार्य सुमारे अडीचपट असावे लागे, असा निष्कर्ष त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. मंडळाच्या सदस्यांशी ओळख असणाऱ्या अर्जदारांनाही असाच अवाजवी लाभ मिळत होता, हेही त्यातून बाहेर आले. म्हणजे दोष केवळ स्त्रियांपुरता नसून मूल्यमापनाच्या शिस्तीचा होता.

बॅरेस ह्यांच्या अनुभवात ज्या नियंत्रित तुलनेची उणीव होती, ती २०१२ सालच्या एका प्रयोगाने भरून काढली. अमेरिकेतील विद्यापीठांत विज्ञान शिकविणाऱ्या १२७ अध्यापकांकडे प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठविण्यात आला. काहींच्या प्रतीवर पुरुषाचे नाव होते, काहींच्या प्रतीवर स्त्रीचे. पुरुषाचे नाव असलेला अर्जदार अधिक लायक ठरला व त्यास सरासरी सुमारे ३०,२०० डॉलर वेतन सुचविण्यात आले. स्त्रीस सुमारे २६,५०० डॉलर. विशेष म्हणजे परीक्षक स्त्री असो वा पुरुष, कल तोच होता. ह्या विषयावर निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही ठिकाणी भेद अत्यल्प आढळला, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु पक्षपात संभवतच नाही, असे गृहीत धरून जन्मजात सामर्थ्याविषयी बोलण्यास आता आधार उरलेला नाही.

प्रयोगप्राण्यांतील असाच एक ग्रह

हाच दोष कृंतकांच्या निवडीतही शिरला होता, हे बॅरेस ह्यांच्या समकालीनांच्या कार्यावरून दिसते. अॅनालीज बिअरी व आयर्विंग झुकर ह्यांनी २००९ सालच्या शोधनिबंधांची पाहणी करून २०११ साली दाखविले की, जीवविज्ञानाच्या दहापैकी आठ शाखांत नर प्राण्यांना झुकते माप दिले जात होते. चेताशास्त्रात तर केवळ नरांवरील प्रयोग केवळ माद्यांवरील प्रयोगांच्या साडेपाचपट होते. माद्यांच्या ऋतुचक्रामुळे मापनांत चढउतार वाढतो, हे त्याचे नेहमीचे समर्थन. ते तपासण्यासाठी २०१४ साली लहान उंदरांवरील २९३ निबंधांचे एकत्र विश्लेषण करण्यात आले. चक्राचा विचार न करता घेतलेल्या माद्यांतील चढउतार नरांहून अधिक नव्हता. दीर्घकाळ पाळला गेलेला एक नियम अशा रीतीने केवळ समजूत ठरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ साली अनुदानाच्या अर्जांत दोन्ही लिंगांचा विचार करणे आवश्यक केले.

संस्थात्मक कार्य

बॅरेस केवळ लेख लिहून थांबले नाहीत. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने धाडसी संशोधनासाठी स्थापिलेल्या पायोनियर पुरस्कारांच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २००४ साली, नऊही मानकरी पुरुष निघाले; निवड करणाऱ्या ६४ जणांपैकी ६० पुरुष होते. बॅरेस व इतर काहींनी ह्यास हरकत घेतली. निवडीची पद्धत बदलण्यात आली आणि २००५ साली १३ मानकऱ्यांत ६ स्त्रिया आल्या. अर्जदारांचे जन्मजात सामर्थ्य एका वर्षात पालटले असे कोणी म्हणणार नाही. पालटली ती निवडीची पद्धत.

तरुण संशोधकांच्या हितासाठीही त्यांनी आग्रहाने लेखणी चालविली. मार्गदर्शक निवडताना केवळ त्याची कीर्ती न पाहता त्याचे पूर्वीचे विद्यार्थी पुढे कोठे पोहोचले हे पाहावे, असा उपदेश त्यांनी २०१३ साली विद्यार्थ्यांना केला. मृत्यूच्या काही महिने आधी, २०१७ साली, प्रयोगशाळा सोडून जाणाऱ्या तरुणांना स्वतःचा संशोधनविषय बरोबर नेऊ द्यावा, त्यांच्याशी स्पर्धा करू नये, असे त्यांनी प्रयोगशाळाप्रमुखांना बजावले. मेंदूतील निरनिराळ्या पेशींच्या जनुकीय व्यापारांची त्यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेली सूची त्यांनी सर्वांस मुक्तपणे उपलब्ध करून दिली, हे त्याच वृत्तीचे द्योतक होय.

समारोप

पेशींवरील प्रयोगाचा निष्कर्ष समाजास सरळ लावणे अर्थातच अयोग्य. गंडिकापेशीस ग्लियांची गरज असते, ह्यावरून मनुष्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. बॅरेस ह्यांनीही तसा दावा केला नाही. दोन्ही क्षेत्रांना जोडणारा दुवा पद्धतीचा आहे. अंगभूत धर्म म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट परिस्थिती बदलून पाहिल्यावाचून मान्य करावयाची नाही, ही ती पद्धत. चेतापेशी स्वबळावर संधी जोडते, माद्यांतील चढउतार अधिक असतो, स्त्रियांत उच्च प्रतिभेचे प्रमाण कमी असते, ही तिन्ही विधाने दीर्घकाळ तपासणीवाचून चालत आली. पहिली दोन तपासली असता टिकली नाहीत. तिसऱ्याच्या बाबतीत, ज्या परिस्थितीत ते निरीक्षण केले गेले तीच समान नव्हती असे दिसून आले. आणि परिस्थिती समान केल्यावाचून काढलेले अनुमान प्रयोगशाळेत कोणी ग्राह्य धरीत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास ह्यातून व्यावहारिक बोधही घेता येईल. प्रबंधासाठी प्राणी निवडताना कोणते प्राणी वगळले व का, हे लिहून ठेवावे. निवडसमितीवर बसण्याची वेळ आल्यास निकष अर्ज उघडण्यापूर्वी ठरवावेत. आणि एखादी व्यक्ती ह्या विषयास मुळातच योग्य नाही असा अभिप्राय ओठावर आला, तर त्या व्यक्तीस कोणते मार्गदर्शन, कोणते साहाय्य आणि किती अवकाश मिळाला होता, ह्याची चौकशी आधी करावी. तुलना करावयाची तर एका वेळी एकच घटक बदलावा, हा नियम विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविला जातो. तो माणसांचे मूल्यमापन करतानाही पाळावा, एवढीच बॅरेस ह्यांची मागणी होती.